माझ्याच किडनीतून दादाला बीके व्हायरस गेला का? आणि औषधं कमी का केली?

निळी_छत्री

नमस्कार. वर्षभर इथलं सगळं वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्या दादाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन पाच महिने झाले. किडनी माझी. टिश्यू टायपिंगमध्ये निम्मं जुळलं होतं, क्रॉसमॅच निगेटिव्ह (म्हणजे दादाच्या रक्तात माझ्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी नाहीत), सगळं बघूनसवरून केलं. ऑपरेशन उत्तम झालं, टेबलावरच लघवी सुरू झाली असं सर्जन म्हणाले, आठवड्याभरात क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढतं ते) १.१ वर आलं आणि तिथेच राहिलं. दादा कामावर जायला लागला, डायलिसिसच्या चार वर्षांत त्याला असा हसताना बघितलाच नव्हता मी. गोळ्या म्हणजे किडनी रिजेक्ट होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन आणि इन्फेक्शन होऊ नये म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोविर आणि को-ट्रायमॉक्साझोल.

गेल्या महिन्यात रुटीन तपासणीत रक्तात बीके व्हायरस निघाला, मिलिलीटरमागे २,४०० कॉपीज (व्हायरसच्या प्रती). डॉक्टर म्हणाले दोन आठवड्यांनी परत करू. परत केली तर २६,००० आणि क्रिएटिनिन १.५. लगेच बायोप्सी झाली, त्यात बीके नेफ्रोपॅथी (व्हायरसमुळे किडनीचं नुकसान) सुरू झाल्याचं आलं, रिजेक्शन नाही असं लिहिलंय. आणि यावर उपाय काय तर मायकोफेनोलेट निम्मं केलं, टॅक्रोलिमसचा डोसही कमी केला. बस. नवीन औषध एकही नाही.

आता माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. व्हायरस वाढतोय तर औषध द्यायचं सोडून असलेली औषधं कमी कशी करतात? पाच महिने आम्हाला हेच बजावलं होतं की एकही डोस चुकवू नका, चुकवलात तर किडनी रिजेक्ट होईल, आणि आता स्वतःच निम्मा डोस करायला सांगतात. व्हॅलगॅन्सिक्लोविर ही व्हायरसचीच गोळी आहे ना, ती रोज चालू असताना हा व्हायरस आला कसा? आणि शेवटचं, जे मी घरात कोणालाच विचारू शकत नाही. कुठेतरी वाचलं की हा व्हायरस डोनरच्या किडनीतून येतो. म्हणजे माझ्यातूनच गेला का तो दादाला? मला कधी काही त्रास नव्हता हो, माझ्या सगळ्या तपासण्या नॉर्मल होत्या. वहिनी माझ्याशी नेहमीसारखीच बोलते पण मलाच तिच्याकडे बघवत नाही.

कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

दुसरा_डाव

ताई, घाबरू नका असं म्हणणं सोपं असतं म्हणून तसं म्हणत नाही, माझं काय झालं ते सांगतो.

माझं ट्रान्सप्लांट होऊन सात वर्षं झाली. चौथ्या महिन्यात बीके निघाला, माझा आकडा तुमच्या दादापेक्षा बराच मोठा होता, १ लाख ८० हजार. क्रिएटिनिन १.२ चं १.८ झालं. मला ना ताप, ना दुखणं, ना लघवीला जळजळ, काहीच नाही, मी म्हणत होतो लॅबचीच चूक असेल. पण हा व्हायरस असाच आहे, माणसाला जाणवत नाही, किडनीला जाणवतो. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काही लक्षण नसताना तपासणी करून पकडला ही मोठी गोष्ट आहे, माझा जरा उशिरा सापडला.

माझंही मायकोफेनोलेट आधी निम्मं केलं, महिन्याने पूर्ण बंद केलं, टॅक्रोची लेव्हल ८-९ असायची ती ५ च्या आसपास आणली. पहिले दोन महिने रिपोर्ट हातात घ्यायला भीती वाटायची कारण आकडा ढिम्म हलत नव्हता, एकदा तर वाढला. मग उतरायला लागला, ९०,०००, ४०,०००, १२,०००, असं करत करत रक्तातून पूर्ण जायला मला अकरा महिने लागले. अकरा महिने! हे मुद्दाम सांगतोय कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी दर रिपोर्टला नव्याने कोसळायचो. आज माझं क्रिएटिनिन १.५ आहे, १.२ वर परत गेलं नाही, जे नुकसान झालं ते झालं. पण किडनी चालू आहे आणि मीही.

माझी डोनर माझी आई. तिलाही हाच प्रश्न पडला होता जो तुम्हाला पडलाय, ती तर देवासमोर बसून रडायची. त्याचं उत्तर इथे कोणी डॉक्टर असतील ते नीट देतील, मी एवढंच सांगतो की ज्याला किडनी मिळते त्याच्या मनात हा विचार येत सुद्धा नाही. एकदाही नाही.

रात्रपाळी

मी नेफ्रॉलॉजीत काम करते, ट्रान्सप्लांटचे पेशंट रोजचे आहेत. दादांची फाइल मी पाहिलेली नाही त्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही, पण प्रश्न फार चांगले आहेत आणि खरं तर आम्ही लोकांनी डिस्चार्जच्या वेळीच हे समजावून सांगायला हवं.

डोनरच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो तुम्हाला जास्त टोचतोय.

बीके हा पॉलिओमा कुटुंबातला व्हायरस. १९७१ मध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या एका पेशंटच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला आणि बीके ही त्या पेशंटच्या नावाची आद्याक्षरं. पण तो काही फक्त ट्रान्सप्लांटवाल्यांचा व्हायरस नाही. जगभरातल्या ८० ते ९० टक्के मोठ्या माणसांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडी सापडतात, म्हणजे लहानपणी कधीतरी तो येऊन गेलेला असतो, बहुतेकांना साध्या सर्दीइतकाही त्रास होत नाही, आणि मग तो किडनीच्या नलिकांच्या आणि मूत्रमार्गाच्या अस्तराच्या पेशींमध्ये आयुष्यभर गपचूप पडून राहतो. माझ्यात असेल, वहिनींमध्ये असेल, दादांमध्ये त्यांच्या स्वतःच्या किडन्यांत आधीपासून असेल. तुमच्यात आहे म्हणून तुमच्या तपासण्या बिघडायचं काही कारणच नाही.

आता खरं सांगायचं तर हो, ट्रान्सप्लांटनंतर जो बीके डोकं वर काढतो तो बऱ्याच वेळा डोनरच्या किडनीसोबत आलेला असतो, हे अभ्यासांत दिसलंय आणि मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. पण दहातल्या आठ-नऊ जणांकडे जी गोष्ट आहे ती टाळून डोनर शोधायचा म्हटलं तर ट्रान्सप्लांटच होणार नाहीत, म्हणूनच बीके आहे या कारणावरून कोणालाही डोनर म्हणून नाकारत नाहीत. तुमच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी हेच होऊ शकलं असतं. तो आज जागा झाला तो तुमच्या किडनीमुळे नाही, त्याच्यावर पहारा देणाऱ्या टी सेल आपण औषधांनी झोपवल्यात म्हणून. आणि हे वहिनींशी बोलाच. मनात ठेवू नका.

आता औषध कमी करण्याबद्दल. शरीरात दोन प्रकारचं संरक्षण आहे असं ढोबळ मानाने समजा. अँटीबॉडी रक्तात फिरतात, बाहेरच्या व्हायरसला पकडतात. पण व्हायरस एकदा पेशीच्या आत शिरला की अँटीबॉडीला तो दिसत नाही, तिथे टी सेल लागतात. व्हायरस लागलेली पेशी त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर एचएलए नावाच्या प्रोटीनमध्ये धरून बाहेर दाखवते, टी सेल ते ओळखते आणि ती पेशीच मारून टाकते. तुमच्या रिपोर्टवर जे टिश्यू टायपिंग आहे ना, ते याच एचएलएचं. दादांच्या टी सेलना तुमच्या किडनीतलं निम्मं एचएलए परकं दिसतं आणि त्या तिच्यावरही तुटून पडतात, त्यालाच आपण रिजेक्शन म्हणतो. म्हणजे व्हायरस मारणारी आणि किडनी रिजेक्ट करणारी फौज एकच आहे.

टॅक्रोलिमस या टी सेलच्या आतला कॅल्सिन्यूरिन नावाचा स्विच बंद करतं, त्यामुळे त्यांना वाढायचा निरोप देणारं इंटरल्यूकिन-२ तयार होत नाही. मायकोफेनोलेट त्यांना डीएनए बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालाचा पुरवठा तोडतं. दोन्ही औषधांना ही टी सेल किडनीवर चाललीय की व्हायरसवर हे कळायचा काही मार्ग नाही, सरसकट सगळ्यांनाच आवरतात. जुळ्यांचीच गोष्ट घ्या, १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जे पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होतं, तिथे एचएलए तंतोतंत सारखं असल्यामुळे अशा औषधांची गरजच पडली नाही. बाकी सगळ्यांना ही औषधं लागतात आणि त्याची किंमत म्हणून हे व्हायरस सांभाळावे लागतात. बीकेमुळे किडनी खराब होणं हे नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आल्यानंतरच खऱ्या अर्थाने डॉक्टरांच्या समोर आलं. रिजेक्शन कमी झालं आणि हे वाढलं.

म्हणून बीकेवर आजच्या घडीला मुख्य उपचार हाच की औषधांचा लगाम थोडा सैल करायचा आणि दादांच्या स्वतःच्या टी सेलना काम करू द्यायचं. औषध कमी करणं म्हणजे उपचार न करणं नाही, तोच उपचार आहे.

व्हॅलगॅन्सिक्लोविर वेगळ्या व्हायरससाठी आहे, सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो. हे औषध शरीरात जसं जातं तसं निरुपयोगी असतं, सीएमव्हीचं स्वतःचं एक एन्झाइम त्याला चालू करतं आणि मग ते सीएमव्हीचंच डीएनए बनवणारं यंत्र अडवतं. बीके हा इतका छोटा व्हायरस आहे (त्याचा जीनोम सुमारे ५ हजार अक्षरांचा, सीएमव्हीचा सुमारे २ लाख ३५ हजारांचा) की त्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो आपल्याच पेशीचं यंत्र वापरून वाढतो. मग औषधाने अडवायचं कोणाला? पेशीचं यंत्र अडवलं तर पेशीच मरेल. सिडोफोविर हे व्हायरसवरचं दुसरं औषध वापरून पाहिलं गेलंय पण ते किडनीलाच त्रास देतं. लिव्होफ्लॉक्सासिन नावाच्या अँटिबायोटिकवर बरीच आशा होती, २०१४ मध्ये त्याच्या नीट चाचणीचे निकाल आले आणि काही फायदा दिसला नाही. आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) काही ठिकाणी देतात, पुरावा पक्का नाही.

उरलेलं सकाळी लिहिते, वॉर्डमधून बोलावणं आलंय.

निळी_छत्री

डॉक्टर ताई, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. दादालाही वाचून दाखवलं (डोनरचा भाग वगळून, मग तोही दाखवला). तो म्हणाला वेडी आहेस का, आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही.

दुसरा_डाव, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

अजून दोन गोष्टी विचारते. एक, डोस कमी केल्यावर रिजेक्शन खरंच झालं तर ते कळणार कसं, कारण क्रिएटिनिन दोन्हीत वाढतंच ना? दुसरं, आज एका वेगळ्या लॅबमध्ये बीके केली कारण नेहमीची बंद होती, तर ४१,००० आलाय. म्हणजे आठ दिवसांत २६ चा ४१ झाला. आम्ही सगळे हबकलोय.

रात्रपाळी

आधी ४१ हजाराचं. लॅब बदलली ना, मग हे दोन आकडे शेजारी ठेवून बघूच नका. बीकेची पीसीआर प्रत्येक लॅबमध्ये थोडी वेगळी असते, कोणी प्लाझ्मावर (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवावर) करतं, कोणी अख्ख्या रक्तावर, कोणी कॉपीजमध्ये देतं, कोणी इंटरनॅशनल युनिटमध्ये. आणि एकाच लॅबमध्ये सुद्धा तिप्पटीपेक्षा कमी फरक असेल तर तो खरा बदल आहे असं आम्ही धरत नाही. २६ चं ४१ हे दीडपटीच्या जरासंच वर आहे. हा आकडा दहाच्या पटीत वाचायचा असतो, हजार, दहा हजार, लाख. म्हणून रिपोर्टवर शेजारी लॉग असं लिहिलेलं असतं, ते बघायची सवय लावा, २६ हजार म्हणजे ४.४ आणि ४१ हजार म्हणजे ४.६. आता वाटतोय का तेवढा फरक? शिवाय डोस कमी करून आठच दिवस झालेत, इतक्यात काही दिसतही नाही. दर वेळी तीच लॅब, तोच नमुना, आणि शक्यतो दोन-चार आठवड्यांच्या अंतराने.

१० हजाराच्या वर आकडा गेला की बायोप्सी न करताही किडनीला लागण झाली असावी असं गृहीत धरून पावलं उचलतात, आणि १ हजाराच्या वर काही आठवडे टिकून राहिला तरी औषधं कमी करायला सुरुवात करतात. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी अगदी वेळेवर केलंय. बाकी सगळ्यांसाठी पण लिहून ठेवते, बीकेची तपासणी लक्षणं येण्याची वाट बघून करायची नसते. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत नऊ महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि मग दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी करा असं आहे. तुमच्याकडे होत नसेल तर विचारा.

रिजेक्शनचा प्रश्न खरंच अवघड आहे, आमच्यासाठी पण. बीकेमुळे होणारी सूज आणि रिजेक्शनची सूज मायक्रोस्कोपखाली बऱ्याच अंशी सारखीच दिसतात, दोन्हीत टी सेल नलिकांमध्ये घुसलेल्या असतात. म्हणून बायोप्सीवर एसव्ही४० नावाचा खास रंग चढवतात, त्याने व्हायरस असलेल्या पेशी उठून दिसतात, तुमच्या रिपोर्टमध्ये शोधा, पॉझिटिव्ह लिहिलेलं असेल. आणि एक गंमत नाही पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट, औषध कमी केल्यावर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं, कारण जागी झालेली फौज किडनीत शिरून व्हायरसवाल्या पेशी साफ करत असते. त्या वेळी बीकेचा आकडा उतरत असेल तर बहुतेक वेळा थांबून बघतात. आकडा उतरतोय, किंबहुना व्हायरस गेलाय आणि तरी क्रिएटिनिन चढतच राहिलं, तर मग रिजेक्शनचा संशय, मग परत बायोप्सी, आणि रक्तात डोनरविरुद्धच्या अँटीबॉडी बनल्यात का त्याची तपासणी. रिजेक्शनचा धोका शून्य नाही, तसं मी म्हणणार नाही, पण हा धोका मोजून-मापून घेतलेला असतो आणि त्यावर इलाज आहेत. बीके तसाच वाढू दिला तर मात्र किडनीत व्रण पडतात, आणि ते भरून येत नाहीत.

म्हणून आत्ताच्या काळात रक्ततपासणी एकही चुकवू नका, आणि डोस स्वतःहून आणखी कमीही करू नका आणि भीतीपोटी जुन्यावरही नेऊ नका. दोन्ही होताना पाहिलंय.

मोकळं_आभाळ

माझ्या काकांचं ट्रान्सप्लांट झालंय. त्यांना कोणीतरी इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या आणि पावडर आणून दिली होती, नैसर्गिक आहे म्हणे. इम्युनिटी कमी झाल्यामुळेच व्हायरस आला असेल तर दादांना असं काही दिलं तर नाही का चालणार? औषधं कमी करण्यापेक्षा हे बरं ना. चुकीचं असेल तर सांगा, खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

दुसरा_डाव

विचारलंत ते बरं केलंत, पण प्लीज नका देऊ, आणि काकांनाही थांबवा. रात्रपाळी ताईंनी वर लिहिलंय बघा, फौज एकच आहे. ती पावडरीने खरोखर वाढली तर किडनीवर पण जाणार. आणि वाढली नाही तरी दुसरा धोका आहे, टॅक्रोची लेव्हल. आमच्या ग्रुपमधल्या एकाने मूड सुधारायला म्हणून सेंट जॉन्स वर्टच्या गोळ्या घेतल्या, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, नैसर्गिकच आहेत, त्याची टॅक्रोची लेव्हल खाली गेली. नशिबाने तपासणीत पकडली. लिव्हर आणि आतड्यातलं जे एन्झाइम टॅक्रो तोडतं ते त्या गोळ्यांनी जास्त काम करायला लागतं. नैसर्गिक आहे म्हणून किडनीला चालेल असं काही नसतं हो. काहीही नवीन तोंडात टाकायच्या आधी ट्रान्सप्लांट टीमला फोन.

मोकळं_आभाळ

समजलं. काकांना आजच फोन करतो. धन्यवाद.

ओसरी

माझा अनुभव बीकेचा नाही, सीएमव्हीचा आहे, पण इथे लिहिते कारण निळी_छत्री ताई, दादांचं व्हॅलगॅन्सिक्लोविर पण आता सहाव्या महिन्यात बंद होईल आणि त्यानंतरचे दिवस आम्ही गाफील राहिलो होतो.

माझे मिस्टर डोनर पॉझिटिव्ह, पेशंट निगेटिव्ह या गटातले, म्हणजे किडनी देणाऱ्याला सीएमव्ही होऊन गेलेला आणि ह्यांना कधीच झालेला नव्हता, त्यामुळे ह्यांच्या शरीराला त्याची ओळखच नाही. हा सगळ्यात जास्त धोक्याचा गट. सहा महिने गोळी घेतली, काही झालं नाही, बंद केली, आम्ही सुटलो म्हणालो. आठव्या महिन्यात ह्यांना नुसता थकवा, बारीक ताप आणि जुलाब. जवळच्या दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरांना ट्रान्सप्लांट झालंय हे सांगितलं होतं तरी त्यांनी पोटाचं इन्फेक्शन म्हणून औषध दिलं आणि सोबत खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन. चार दिवसांत ह्यांचे हात असे थरथरायला लागले की पाण्याचा ग्लास धरवेना. ट्रान्सप्लांट सेंटरला धावलो, टॅक्रोची लेव्हल २४! पांढऱ्या पेशी १,९०० आणि सीएमव्ही लाखांत. नंतर कळलं की क्लॅरिथ्रोमायसिनमुळे टॅक्रो शरीरात साठतं आणि जुलाबातसुद्धा त्याची लेव्हल वाढते, आमच्याकडे दोन्ही एकदम झालं होतं. मला अजून स्वतःचा राग येतो की मी आधी सेंटरला फोन का नाही केला.

दोन आठवडे सलाईनमधून गॅन्सिक्लोविर, मग गोळ्या, मायकोफेनोलेट काही दिवस बंद. बरे झाले. आता तीन वर्षं झाली.

तर एवढंच सांगायचंय की ती गोळी बंद झाली की लक्ष वाढवा. ताप, जुलाब, विनाकारण थकवा, पांढऱ्या पेशी कमी, यातलं काहीही असलं तर सीएमव्ही पीसीआर मागून घ्या. आणि घराजवळच्या डॉक्टरांनी कुठलंही अँटिबायोटिक किंवा फंगसचं औषध लिहिलं की आधी सेंटरला विचारा. मी ह्यांच्या पाकिटात एक कार्ड करून ठेवलंय, ट्रान्सप्लांट, चालू औषधं, सेंटरचा नंबर, आणि मोठ्या अक्षरात ‘नवीन औषध देण्याआधी फोन करा’.

रात्रपाळी

ओसरी, राग नका धरू स्वतःवर. हे इतकं कॉमन आहे की मी ते कार्ड आमच्या युनिटमध्ये सगळ्यांना करायला सांगणार आहे.

तुम्ही जे लिहिलंत त्यात एक मोठा मुद्दा दडलाय. गोळी चालू असताना व्हायरस दबलेला असतो त्यामुळे ज्यांच्या शरीराला त्याची ओळख नाही त्यांच्या टी सेलना ती ओळख करून घ्यायची संधीच मिळत नाही, मग गोळी थांबली की तो उशिरा येतो. २०१० मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती, याच डोनर पॉझिटिव्ह पेशंट निगेटिव्ह गटावर. १०० दिवस गोळी घेतलेल्यांत वर्षभरात ३६.८ टक्के लोकांना सीएमव्हीचा आजार झाला आणि २०० दिवस घेतलेल्यांत १६.१ टक्के. म्हणून आता या गटाला सहा महिने देतात. फायदा स्पष्ट आहे, पण १६ टक्के म्हणजे शून्य नाही. या गोळीने पांढऱ्या पेशी फार कमी होतात ही तिची अडचण, त्यासाठी आता लेटरमोविर हा दुसरा पर्याय आलाय, २०२३ पासून किडनीवाल्यांसाठीही मंजूर आहे, ते पांढऱ्या पेशींना तितकं त्रास देत नाही, पण ते टॅक्रोची लेव्हल वाढवतं त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं.

लसींचं कोणी विचारलं नाही पण या विषयाला धरूनच आहे. कोविडच्या वेळी दिसलं की एमआरएनए लसीचे दोन डोस घेऊनही ट्रान्सप्लांटच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये अँटीबॉडी सापडल्याच नाहीत, तिसऱ्या डोसनंतर बऱ्याच जणांत आल्या. कारण तेच, मायकोफेनोलेट अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेलना पण वाढू देत नाही. म्हणून ज्यांचं ट्रान्सप्लांट व्हायचंय त्यांनी जितक्या लसी आधी घेता येतील तितक्या आधीच घ्या. नंतर निर्जीव लसी, फ्लूचं इंजेक्शन वगैरे चालतं. जिवंत व्हायरसच्या लसी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, नाकात मारायची फ्लूची लस, या ट्रान्सप्लांटनंतर द्यायच्या नसतात. नागिणीची रिकॉम्बिनंट लस जिवंत नाही, ती चालते. आणि घरातल्या बाकीच्यांनी मात्र फ्लूची लस घ्यायचीच, ते त्यांच्याइतकंच पेशंटसाठी आहे.

निळी_छत्री, कसं चाललंय ते कळवा.

निळी_छत्री

अडीच महिन्यांनी लिहितेय, माफ करा.

मधला काळ वाईट गेला. पहिल्या सहा आठवड्यांत बीके हललाच नाही, ३८,०००, ३३,०००, ३६,०००. दुसरा_डाव, तुमचे अकरा महिने आठवत होते म्हणून तग धरला, नाहीतर मी तिसऱ्या रिपोर्टलाच दुसऱ्या डॉक्टरकडे पळाले असते. मग मायकोफेनोलेट पूर्ण बंद केलं. त्यानंतर क्रिएटिनिन १.७ वर गेलं आणि दादाने मला न सांगता एक दिवस जुना डोस घेतला. रात्रपाळी ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच, भीतीपोटी. वहिनीने स्ट्रिप मोजली म्हणून कळलं. ती एवढी शांत बाई, पण त्या दिवशी ओरडली त्याच्यावर. मग आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसून तुमचे प्रतिसाद परत वाचले आणि तेव्हाच मी तिला विचारलं की तुला कधी वाटलं का हे माझ्यामुळे झालं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली की दर सकाळी तो बाथरूममधून बाहेर आला की मला तुझी आठवण येते, यापुढे असं काही बोलायचं नाही.

डॉक्टरांना तो डोसचा प्रकार खरा खरा सांगितला, रागावले नाहीत, लिहून घेतलं. बायोप्सी परत करायची का यावर विचार चालला होता पण त्याच आठवड्यात बीके ११,००० आला, तीच लॅब, तोच प्लाझ्मा, लॉग ४.६ वरून ४.० वर. डोनरविरुद्धच्या अँटीबॉडी निगेटिव्ह. मग ठरलं की थांबायचं. कालचा रिपोर्ट ३,२०० आहे आणि क्रिएटिनिन १.४.

व्हॅलगॅन्सिक्लोविर तीन आठवड्यांपूर्वी बंद झालं. ओसरी ताई, कार्ड केलंय, दादाच्या पाकिटात आहे, एक वहिनीकडे आणि एक माझ्याकडे.

दुसरा_डाव

३,२०० वाचून इथे बसल्या बसल्या डोळ्यात पाणी आलं. आईला सांगितलं, ती म्हणाली त्या मुलीला म्हणावं आता जरा झोप.

एकदा शून्य आला तरी लगेच तपासणी सोडू नका हां, माझा मध्ये एकदा परत ८०० आला होता, मग गेला.

रात्रपाळी

छान उतरतोय. स्ट्रिप मोजणाऱ्या वहिनींना माझा विशेष नमस्कार. दादांना विचारायला सांगा की मायकोफेनोलेट बंद असताना पुढे कायमची योजना काय आहे, तसंच ठेवणार, थोडं परत सुरू करणार की एव्हरोलिमस वगैरे रिजेक्शन रोखणाऱ्या दुसऱ्या औषधावर जाणार, हे आत्ताच डॉक्टरांशी बोलून घ्या, व्हायरस गेल्यावर तो निर्णय येतोच आणि तेव्हा घाई नको.

निळी_छत्री

विचारते. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे, सकाळी लवकर, टॅक्रोची गोळी घ्यायच्या आधी. या वेळी मी पण जाणार आहे सोबत.